शंभर वॅट, चार ईएल-३४ आणि बडोद्याच्या नऊ रात्री

"एवढा मोठा अँप गरब्यात कशाला?" गेली तीन वर्षं हे मला सगळेच विचारतायत. साउंडवाले विचारतात, बॅन्जोवाले भाई विचारतात, टेम्पोवाला तर दर वर्षी विचारतो. दर वेळी स्टेजवर घाईघाईत दोन वाक्यांत उत्तर देते आणि ते अपुरं राहतं. म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे.

अँप म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र. माझा आहे मार्शल कंपनीचा, जेसीएम ८०० मालिकेतला २२०३. शंभर वॅटचा, सगळा व्हॉल्व्हवर, म्हणजे जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्यांवर चालणारा हेड, म्हणजे स्पीकर नसलेली नुसती अँपची पेटी. शेवटी ताकद देणारे मोठे व्हॉल्व्ह चार, त्यांचं नाव ईएल-३४. त्याखाली १९६०ए, म्हणजे चार बारा-इंची स्पीकरांचं तिरक्या तोंडाचं कॅबिनेट. माझा हेड ऐंशीच्या दशकातला मूळचा नाही, कंपनीने तेच मॉडेल नंतर पुन्हा काढलं त्यातला आहे. मुंबईत स्टुडिओत वाजवणाऱ्या एका दादांकडून सेकंडहँड घेतला. हेडचे पंच्याण्णव हजार, कॅबिनेटचे अडतीस हजार. तीन नवरात्रं, दोन गणपती आणि सात-आठ लग्नं त्याच्यावर वाजवून झाली आहेत, तेव्हा आता बोलायला हरकत नाही.

माझ्याबद्दल थोडं सांगते, कारण त्याशिवाय आवाजाबद्दलचं माझं मत कळायचं नाही. घर बडोद्याच्या दांडिया बाजारात. लहानपणी सूरसागर तलावाच्या काठावर आपल्या संगीत महाविद्यालयात तीन वर्षं सतार शिकले. संगीतकार मौलाबक्षांनी सयाजीरावांच्या काळात १८८६ साली सुरू केलेली गायनशाळा ती हीच. गिटार नंतर आली, पण कान सतारीवरच तयार झाला. गरब्याची चाल गिटारवर वाजवायची म्हणजे मला सूर छेडून सोडून देता येत नाही. तो ओढावा लागतो, पुढच्या सुरापर्यंत नेऊन टेकवावा लागतो. तार खेचल्यावर सूर मधेच विरला तर मींड अर्धीच राहते. माझ्या सगळ्या अपेक्षा इथून सुरू होतात.

आता आवाज. २२०३ ला एकच चॅनेल आहे. रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमवायची सोय, नाही. पुढच्या बाजूला प्रेझेन्स (आवाजाची धार), बेस, मिडल, ट्रेबल, मास्टर (एकूण आवाज) आणि प्रीअँप (गिटारचा सिग्नल आधी वाढवणारा भाग) एवढीच बटणं. इनपुट दोन आहेत. त्यातलं कमी संवेदनशील इनपुट प्रीअँपचा पहिला टप्पा वगळून पुढे जातं, म्हणून त्यात आवाज बराच स्वच्छ राहतो. मी मात्र जास्त गेनच्या इनपुटमध्येच गिटार लावते, प्रीअँप चारवर, मास्टर तीनवर, मिडल सातवर, प्रेझेन्स तीनच्या पुढे कधीच नाही, आणि बाकीचं सगळं काम गिटारच्या व्हॉल्यूमने करते. व्हॉल्यूम सहावर आणला की कॉर्ड स्वच्छ, दहावर नेला की चाल गायला लागते. पायाखाली फक्त एक डिले, म्हणजे सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारं पेडल, तोही मागच्या इफेक्ट्स लूपमध्ये, म्हणजे प्रीअँपच्या नंतर पेडल जोडायच्या जागेत. मूळच्या जुन्या हेडला हा लूप नव्हता, नव्यात आहे, आणि एवढ्या एका कारणासाठी मी नवा निवडला. पुढे लावलेला डिले तापलेल्या प्रीअँपमधून गेला की त्याचा चिखल होतो. लूपमध्ये तो वेगळा आणि मोकळा ऐकू येतो, मोकळ्या मैदानात सुराला लागणारी खोली त्यातून मिळते.

मिडल सातवर का, असं शिकाऊ मुलं विचारतात. खोलीत एकट्याने वाजवताना मिडल कमी केलेला आवाज भारी वाटतो. स्टेजवर खाली ढोल, वर मंजिऱ्या आणि ऑक्टोपॅडची चुरचुर. गिटारला उरते ती मधली पट्टी, आणि गायकाचा गळाही तिथेच असतो. तेव्हा गाणं चालू असताना मी व्हॉल्यूम खाली घेते आणि गायकाने श्वास घेतला की वर नेते. हा अँप ती उघडझाप अगदी बोटांबरोबर ऐकतो. ज्यांना पायाने चार वेगवेगळे आवाज बदलायचे असतात त्यांना तो कंजूस वाटेल. मला त्याचा तोच गुण आवडतो.

खालच्या सुरांचं वेगळं सांगायला हवं. मार्शलचा सगळ्यात पहिला अँप, जेटीएम ४५, एसी विजेचं डीसीत रूपांतर व्हॉल्व्हच्या रेक्टिफायरने करत असे. जोरात वाजवलं की तो क्षणभर दबतो आणि मग फुलतो. २२०३ मध्ये तिथे डायोड आहेत. दबणं फार कमी. हींच हा गरब्याचा ताल चालू असताना, त्या सहा मात्रांमध्ये, ढोलाच्या थापेवर मी सहाव्या तारेवर हाताची कड टेकवून ठोका देते, तेव्हा तो ठोका थापेच्या आतच संपायला हवा. या हेडवर तो संपतो. पोटात बसतो आणि थांबतो. दुसऱ्या वर्षी आमच्या ढोलींनी स्वतःहून मॉनिटरमध्ये, म्हणजे वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, माझी गिटार मागून घेतली. त्याआधी ती त्यांना नकोशी असायची.

पण शंभर वॅट कशाला, हा मूळ प्रश्न. त्यासाठी थोडं मागे जायला हवं. जिम मार्शल हे मुळात ड्रम वाजवणारे आणि ड्रम शिकवणारे. लंडनच्या हॅनवेलमधल्या त्यांच्या वाद्यांच्या दुकानात १९६२ मध्ये पहिला अँप तयार झाला, तो फेंडरच्या बासमन नावाच्या अँपवरून. पुढे 'द हू' बँडच्या पीट टाउनशेंडसारखे गिटारवादक आणखी मोठा आवाज मागायला लागले आणि त्यातून शंभर वॅटचा हेड आला. त्या काळी स्टेजची साउंड सिस्टीम गायकापुरतीच आणि अशक्त असायची. गिटारचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचवायचा तर तो अँपनेच पोचवायचा. आज आमच्या मैदानावर दोन्ही बाजूंना लाइन अॅरे, म्हणजे मोठ्या स्पीकरांच्या उभ्या माळा, टांगलेले असतात आणि माझ्या कॅबिनेटसमोर एक शुअर एसएम ५७ माइक. लोकांना ऐकू येते ती त्या माइकने उचललेली गिटार. म्हणजे शंभर वॅट ज्या गरजेतून जन्मले ती गरज आता राहिलेली नाही.

वरून गणितही विरोधात जातं. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. पन्नास वॅटचा अँप शंभराच्या निम्मा मोठा वाजतो अशी समजूत सगळीकडे आहे, ती साफ चूक आहे. फरक इतका थोडा असतो की साउंडवाला मिक्सरवरची आवाजाची पट्टी, म्हणजे फेडर, बोटभर सरकवून तो भरून काढतो.

हे मला पुस्तकी माहीत होतं. खरं कळलं ते पहिल्याच नवरात्रात, तिसऱ्या रात्री.

त्या वर्षी आमचं मैदान जुन्या पादरा रोडच्या बाजूला होतं. वीज जनरेटरची. संध्याकाळी साउंड चेकला सगळं ठीक होतं. साडेदहाच्या सुमाराला, गरबा रंगात आलेला असताना, आवाज जाडसर व्हायला लागला, मागे एक घरघर ऐकू येऊ लागली. वळून हेडच्या मागच्या जाळीतून पाहिलं तर कडेच्या एका ईएल-३४ ची आतली प्लेट लालभडक. व्हॉल्व्हचा मंद नारिंगी उजेड असतो तो हीटरचा, तो चांगला. प्लेट लाल होणं म्हणजे त्या व्हॉल्व्हमधून बेसुमार करंट वाहतोय. तसंच चालू ठेवलं तर व्हॉल्व्ह जातो आणि नशीब वाईट असेल तर ट्रान्सफॉर्मरला घेऊन जातो. मी तत्काळ स्टँडबायचा खटका टाकला, म्हणजे हीटर चालू आणि आवाज बंद, मग मेन बंद केला. बॅन्जोवाल्या भाईंनी मान हलवली आणि चाल आपल्याकडे घेतली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

चारही व्हॉल्व्ह बदलायला वेळ नव्हता. रात्री बाराला स्पीकर बंद म्हणजे बंद. कायद्याने दहाची मर्यादा आहे, नवरात्रासाठी सवलत मिळते तीही मध्यरात्रीपर्यंतच, म्हणून आमच्याकडे प्रत्येक मिनिट मोजलेलं असतं. पण शंभर वॅटच्या या रचनेत एक सोय आहे. चार व्हॉल्व्ह दोन-दोनच्या जोडीने काम करतात, एक जोडी आवाजाची लाट ढकलते तर दुसरी ओढते असं समजा. प्रत्येक बाजूचा एकेक काढला, म्हणजे बाहेरचे दोन्ही किंवा आतले दोन्ही, तर उरलेले दोघं अँप चालवू शकतात. फक्त मागचा इम्पीडन्सचा, म्हणजे स्पीकरच्या रोधाशी मेळ घालायचा, खटका अर्ध्यावर आणायचा. माझं कॅबिनेट १६ ओहमला लावलेलं होतं, मी खटका ८ वर आणला. मान पुसायचा नॅपकिन हाताला गुंडाळून बाहेरचे दोन तापलेले व्हॉल्व्ह काढले, ते ढोलाच्या रिकाम्या पिशवीत ठेवले, हीटर तापेपर्यंत थांबले आणि स्टँडबाय उघडला. गरब्याचा एक अंतरा आणि एक मुखडा एवढाच वेळ गेला.

आणि साउंडवाल्या भाईंनी माझा फेडर हलवलासुद्धा नाही. मैदानात कोणाची पावलं चुकली नाहीत. घरी आल्यावर आईने विचारलं, "आज मधे पाणी प्यायला उठली होतीस का गं?" तिला तेवढंच दिसलं होतं. अर्धी ताकद काढून टाकली आणि कोणाला आवाजात फरक कळला नाही.

मला मात्र कळला. पुढचा दीड तास व्हॉल्यूम सहावर ठेवूनही जोरात मारलेली कॉर्ड कडेने फाटत होती. हींचेतला तो ठोका पसरट झाला, ढोलाच्या थापेच्या बाहेर रेंगाळायला लागला. चाल गाताना काही बिघडलं नाही, उलट थोडी गोडच वाटली. पण स्वच्छ वाजवण्याची जी मोकळी जागा वर शिल्लक असायची, ती संपली होती. शंभर वॅटचा उपयोग आवाज वाढवायला नसून हीच मोकळी जागा ठेवायला आहे. मी त्यातले फार तर वीस-तीस वॅट वापरत असेन. बाकीचे वापरायचे नाहीत, आणि ते तिथे आहेत म्हणूनच हात मोकळा सुटतो. मोकळ्या 'आ'कारात लावलेलं गाणं आणि गळा चोरून गायलेलं गाणं यात जसा फरक असतो, तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेड घेऊन रावपुऱ्यातल्या रेडिओवाल्या काकांकडे गेले. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या तरुणपणी घरोघरी व्हॉल्व्हचे रेडिओ होते आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स बंगळुरूत स्वतःचे व्हॉल्व्ह बनवत असे. त्या रेडिओंवर त्यांचा संसार उभा राहिला. गिटारचा अँप त्यांनी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिला होता. पण सर्किटचा नकाशा पाहिला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "अगं, हा तर आपला रेडिओच आहे. फक्त दांडगा आहे."

उघडायच्या आधी त्यांनी जे केलं ते इथे मुद्दाम लिहिते, कारण यात जीव जाऊ शकतो. व्हॉल्व्हच्या अँपमध्ये साडेचारशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो मोठ्या कंडेन्सरमध्ये साठून राहतो. काकांनी प्लग काढला, रेझिस्टर लावलेल्या तारेने कंडेन्सर रिकामे केले, मीटरने शून्य आलं का ते पाहिलं, मगच हात आत घातला. पुढे चालू अवस्थेत मोजताना डावा हात खिशात. दोन्ही हात आत असतील तर झटका छातीतून जातो. ज्याला हे येत नाही त्याने आतलं सर्किट उघडूच नये, बाहेरून व्हॉल्व्ह बदलण्यापलीकडे जाऊच नये.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो विजेचा. "जनरेटरवर व्होल्टेज किती होतं?" मी पाहिलंच नव्हतं. त्या रात्री बोर्डवर मीटर लावला तर २५२. आता हिशेब करा. २३० वर हीटरला ६.३ व्होल्ट मिळतात, तर २५२ वर जवळजवळ ६.९. प्लेटवर ४६५ असतात ते पाचशेच्या वर जातात. आधीच थकलेला व्हॉल्व्ह तेवढ्याने मान टाकतो. जनरेटरवाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्यावर हजार दिव्यांचा आणि पंख्यांचा भार असतो, तो चढतो-उतरतो. मी त्याच आठवड्यात एक केव्हीएचा सर्वो स्टॅबिलायझर घेतला. या अँपच्या किमतीत तो धरूनच चला. माझ्या मते या अँपसाठी घ्यायची ही पहिली वस्तू आहे, डिले तिच्यानंतर.

नवे चार व्हॉल्व्ह जुळवलेला संच म्हणून घेतले आणि काकांनी बायस, म्हणजे गिटार वाजत नसताना व्हॉल्व्हमधून किती करंट वाहावा ते, बसवून दिला. ईएल-३४ ची प्लेट २५ वॅटपर्यंत उष्णता सोसते; विसाव्याला असताना त्याच्या सत्तर टक्क्यांवर, म्हणजे १७.५ वॅटवर ठेवायचा असा रिवाज आहे. ४६५ व्होल्टवर भागलं तर प्रत्येक व्हॉल्व्हला साधारण ३७-३८ मिलिअँपिअर येतात. काकांनी ३४ वरच ठेवलं. "मैदानातली वीज आहे, पोरी. जरा पोट रिकामं ठेव." आवाजात थोडा थंडपणा आला असेल, मला तरी तो ऐकू येत नाही. त्यानंतर दोन नवरात्रं झाली, तेच व्हॉल्व्ह अजून चालू आहेत.

वायरींबद्दल दोन गोष्टी. हेडपासून कॅबिनेटपर्यंत गिटारची केबल लावू नका, दिसायला पिन सारखीच असली तरी. ती बारीक असते, तापते, तुटते, आणि स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा अँप वाजला की आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. दुसरं म्हणजे अर्थिंग. एका गणपतीच्या कार्यक्रमात बोर्डला अर्थची तारच जोडलेली नव्हती. हात तारांवर आणि ओठ माइकला लागला, असा झटका बसला की दोन दिवस दात शिवशिवत होते. तेव्हापासून बोर्ड तपासणारा छोटा टेस्टर माझ्या गिटारच्या पिशवीत असतो, आणि तो हिरवा दिवा दाखवेपर्यंत मी स्टेजवर काहीही जोडत नाही. आयोजक कितीही घाई करोत.

स्टेजवर कॅबिनेट कुठे ठेवायचं याला मी सगळ्यात जास्त वेळ देते. १९६०ए मध्ये सेलेस्टियन कंपनीचे जी१२टी-७५ स्पीकर आहेत, प्रत्येकी ७५ वॅट सोसणारे, म्हणून कॅबिनेट ३०० वॅटचं. शंभराच्या हेडला एवढं कशाला, असं वाटेल. पण तो पूर्ण उघडला तर शंभराच्या वर जातो, तेव्हा ही मोकळीक बरी. या स्पीकरची संवेदनशीलता ९७ डेसिबल आहे, म्हणजे एक वॅट दिला तर मीटरभर अंतरावर तेवढा आवाज. शंभर वॅट दिले तर त्यात २० मिळवा, ११७. हा आवाज बारा इंचांच्या शंकूतून बॅटरीच्या झोतासारखा सरळ जातो. समोर जो असेल त्याच्या कानाचं वाटोळं होतं आणि बाजूला उभ्या असलेल्या मला बोथट ऐकू येतं. पहिल्या वर्षी मी ते प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवलं होतं. आमच्या गायिकेची मान तिथून दीड मीटरवर. साउंडवाले भाई दर पाच मिनिटांनी, "बेन, जरा धीमुं करो ने." ते बरोबर होते. आता मी कॅबिनेट स्टेजच्या कडेला आडवं, ढोलींकडे तोंड करून ठेवते, पुढे अॅक्रिलिकची पारदर्शक ढाल, मास्टर अडीच-तीन. त्याच्या वर जायचं असेल तर मॉनिटरमधून मागा.

कानांचं मनापासून सांगते. ८५ डेसिबल आठ तास चालतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. शंभरावर फक्त पंधरा मिनिटं. आपण रोज तीन तास, नऊ रात्री उभे असतो. माझ्या उजव्या कानात शांत खोलीत एक बारीक शिटी वाजते, ती या अँपच्या आधीपासूनची आहे, तरुणपणी कानात काही न घालता वाजवल्याची. आता वादकांसाठीचे प्लग घातल्याशिवाय मी स्टँडबाय उघडत नाही. तुमच्यापैकी जे विशीत आहेत त्यांनी कृपा करून अँपच्या आधी प्लग घ्यावेत.

वजन. हेड वीस किलोंच्या वर, कॅबिनेट पस्तीसच्या वर. माझा भाचा आहे म्हणून चालतं, एकटीने कॅबिनेट जिन्यावरून नेणं शक्य नाही. कार्यक्रम संपल्यावर लगेच हेड टेम्पोत टाकू नका. तापलेल्या व्हॉल्व्हला दचका सोसत नाही. आम्ही वायरी गुंडाळतो, मग शेवउसळ खायला जातो, हेड शेवटी उचलतो. टेम्पोत तो सरळ उभा, खाली जुनी गोधडी. एवढं करूनही गेल्या वर्षी प्रीअँपचा पहिला छोटा व्हॉल्व्ह, ईसीसी८३, स्वतःच वाजायला लागला. पेन्सिलीने हलकेच टिचकी मारली की स्पीकरमध्ये टिणटिण. बदलायला पाच मिनिटं लागली, कारण सुटा ठेवला होता. माझ्या डब्यात चार ईएल-३४, दोन ईसीसी८३, दोन्ही प्रकारचे फ्यूज आणि एक जादा स्पीकर केबल कायम असते. मैदानातली धूळ मऊ ब्रशने, हेड पूर्ण थंड असताना, दर तिसऱ्या दिवशी काढते.

दुसरे पर्याय मी वापरले नाहीत असं नाही. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब एका लग्नाला वाजवला. ८५ वॅट, चार ६एल६ व्हॉल्व्ह, दोन बारा-इंची स्पीकर. स्वच्छ आवाजात तो २२०३ च्या पुढे आहे, यात वाद नाही, मराठी भावगीतांच्या कार्यक्रमाला मी तोच मागेन. पण त्याच्या रिव्हर्बमध्ये खऱ्या स्प्रिंगा असतात आणि शेजारी ढोल वाजला की लाकडी स्टेज हलतं, स्प्रिंगा खणखणतात. गरब्याला तो नको. एक नवरात्र डिजिटल मॉडेलरवरही, म्हणजे अँपच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या यंत्रावरही, काढलं, कानात इन-इअर, पाठीवर एकच पिशवी. खरं सांगायचं तर मैदानातल्या कोणालाही फरक कळला नसता आणि साउंडवाले भाई त्या वर्षी माझ्यावर फार खूश होते. ज्यांना आज सुरतेला, उद्या आणंदला असं फिरायचं आहे त्यांनी तोच घ्यावा. मी परत आले ते माझ्या हातांसाठी. सूर ओढून धरला की कॅबिनेटची हवा गिटारच्या लाकडाला लागते आणि विरत चाललेला सूर पुन्हा जागा होतो. सतारीच्या तरफांसारखं, म्हणजे मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या तारांसारखं, काहीतरी होतं ते. कानातल्या इन-इअरमध्ये ते होत नाही, आणि मला त्याशिवाय लांब मींड घेववत नाही.

घरी सरावाला मात्र हा अँप निरुपयोगी आहे. आमच्या वाड्यात मास्टर अर्ध्या आकड्यावर नेला तरी खालच्या आजींचा टीव्ही ऐकू येईनासा होतो, आणि त्याखाली आवाजात प्राण नसतो. मी घरी पाच वॅटचा छोटा अँप वापरते. ज्यांच्याकडे ठरलेलं स्टेज नाही, गाडी नाही, मदतीला माणूस नाही, त्यांनी पन्नास वॅटचा घ्यावा. वर सांगितलंच, तीन डेसिबलचाच प्रश्न आहे. ज्यांना जोरात मारलेली कॉर्ड शेवटपर्यंत स्वच्छ हवी आहे आणि नऊ रात्री एकाच स्टेजवर उभं राहायचं आहे, त्यांच्यासाठी २२०३ ला मी साडेचार तारे देते. अर्धा कापला तो वजनाचा.

यंदा एक बदल करून पाहणार आहे. चार स्पीकरांच्या कॅबिनेटऐवजी दोन व्हिंटेज ३० नावाचे स्पीकर असलेलं. त्यांची संवेदनशीलता १०० डेसिबल, जी१२टी-७५ पेक्षा तीनने जास्त, म्हणजे दोन स्पीकरांत जवळपास चारांइतका आवाज मिळायला हवा आणि वजन खूपच कमी. प्रत्येकी ६० वॅट, दोन मिळून १२०. शंभराच्या हेडला ही जागा तोकडीच आहे, पण मास्टर तीनच्या वर न नेणारीला चालावी असं काकांचं म्हणणं. खालच्या सहाव्या तारेचा ठोका त्यात तसाच बसतो का, हे घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी ढोलींना बोलावून, मैदानातच तपासणार आहोत. नाही बसला तर जुनं कॅबिनेट आहेच, आणि भाच्याने सुट्टी टाकून ठेवली आहे.